न लिहिलेली मसलत : 'विणकर' आणि निसर्गवादातील कर्तेपणाचा प्रश्न

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य थोड्याफार फरकाने दरवर्षी भेटते. 'निसर्गवाद म्हणजे वास्तववादाचे टोक' असे ते वाक्य. पुढचे स्पष्टीकरणही ठरलेले असते. वास्तववाद जीवनाचे यथातथ्य चित्रण करतो, निसर्गवाद त्यातील कुरूप, ओंगळ, वासनामय अंगे निर्भीडपणे उघडी करतो. विद्यार्थ्यांचा यात फारसा दोष नाही. आपल्या समीक्षेतही या दोन संज्ञा अशाच, एकाच मोजपट्टीवरच्या दोन खुणांसारख्या वापरल्या गेल्या आहेत. झोपडपट्टी, शिवीगाळ, भूक, शरीर यांचे प्रमाण वाढले की वास्तववादी साहित्यकृती निसर्गवादी ठरते, आणि ही बढती आहे की अवनती हे समीक्षकाच्या अभिरुचीवर अवलंबून राहते. त्यात 'निसर्गवाद' ही मराठी संज्ञा आणखी घोटाळा करते. झाडे, डोंगर, ऋतू यांच्या कवितेशी तिचा संबंध जोडणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच.

तपशिलाचे प्रमाण हा निकष येथे कुचकामी आहे, असे माझे मत आहे. वास्तववाद आणि निसर्गवाद यांतला भेद माणसाच्या कृतीचे कारण कोठे शोधायचे या प्रश्नात आहे. हा प्रश्न अमूर्त पातळीवर मांडला की लगेच विरघळतो. म्हणून तो एका नाटकाच्या आणि त्या नाटकातून स्फुरलेल्या एका चित्रमालिकेच्या आधारे पाहावा असे ठरवले आहे. नाटक गेऱ्हार्ट हाउप्टमान यांचे 'विणकर'. ते 1892 मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रमालिका केटे कोल्विट्झ यांची 'विणकरांचा उठाव'. ती 1893 ते 1897 या काळात पूर्ण झाली.

त्याआधी झोलाविषयी थोडे बोलणे भाग आहे. 'तेरेझ राकॅं' या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला 1868 मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत झोलाने आपला हेतू स्पष्ट केला. त्याला स्वभावचित्रे काढायची नव्हती, शरीरप्रकृतींचा अभ्यास करायचा होता. शल्यविशारद शवावर जे करतो ते आपण जिवंत देहांवर केले, असा त्याचा दावा होता. 1880 मधील 'प्रायोगिक कादंबरी' या निबंधात त्याने क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाच्या 1865 च्या ग्रंथाचा आधार घेऊन हा विचार सिद्धान्ताच्या पातळीवर नेला. आनुवंशिकता आणि परिवेश ही दोन कारणे ठरली, आणि या दोन रसायनांच्या संयोगातून पात्राची कृती निष्पन्न होते असे गृहीत धरले गेले. प्रयोगशाळेत निसर्ग शास्त्रज्ञाला चकवू शकतो, कादंबरीत मात्र रसायनेही लेखकाची आणि निष्कर्षही लेखकाचाच, मग याला प्रयोग कसे म्हणायचे, हा आक्षेप त्या काळापासूनच घेतला गेला आहे आणि तो बिनतोड आहे. पण हा सिद्धान्त विज्ञान म्हणून लटका असला तरी रचनातत्त्व म्हणून तो अतिशय फलदायी ठरला. पात्राने काही करण्यापूर्वीच ते करण्याची कारणे त्याच्या रक्तात आणि त्याच्या खोलीत साठलेली असली पाहिजेत, ही लेखनाची नवी शिस्त त्यातून आली.

कादंबरीत ही शिस्त पाळणे सोपे होते, कारण तेथे निवेदक आहे. तो तीन पिढ्यांमागे जाऊन आजीच्या वेडाची हकिकत सांगू शकतो. रंगभूमीवर ही सोय नाही. रक्त दिसत नाही. दिसते ती खोली. त्यामुळे निसर्गवाद रंगमंचावर आला तेव्हा परिवेशाचा सगळा भार नेपथ्यावर आणि वस्तूंवर पडला. पॅरिसमध्ये गॅस कंपनीत नोकरी करणाऱ्या आंद्रे आंत्वानने मार्च 1887 मध्ये 'तेआत्र लिब्र', म्हणजे मुक्त रंगभूमी, सुरू केली. पहिल्या प्रयोगांत झोलाच्या एका कथेचे नाट्यरूपांतर होते. त्यासाठी त्याने आपल्या आईच्या घरातले टेबल-खुर्च्या हातगाडीवरून आणल्या होत्या. पुढच्या वर्षी खाटकांवरच्या एका नाटकात त्याने खऱ्या मांसाचे तुकडे रंगमंचावर टांगले. हा किस्सा आंत्वानच्या अतिरेकाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. निवेदकाचे काम ते मांस करत होते. त्याच वर्षी स्ट्रिंडबर्गने 'मिस ज्युली'च्या प्रस्तावनेत पडद्यावर रंगवलेल्या स्वयंपाकाच्या भांड्यांची खिल्ली उडवली, तीही याच गरजेपोटी. भांडी चित्रातली असतील तर त्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या नोकराची मानसिकताही चित्रातलीच राहणार. अर्थात स्ट्रिंडबर्ग त्याच प्रस्तावनेत ज्युलीच्या ऱ्हासाची इतकी कारणे एकावर एक रचतो की वाचकाला शंका यावी : इतकी कारणे असतील तर निर्णायक कारण कोणते?

'विणकर' या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. नाटकाचा विषय जून 1844 मध्ये सायलेशियात झालेला विणकरांचा उठाव. पीटर्सवाल्डाउ आणि लांगेनबिलाउ या दोन गावांतल्या हातमागवाल्यांनी कारखानदाराचे घर लुटले, सैन्याने गोळीबार केला, अकरा माणसे मेली. हाउप्टमानचे आजोबा स्वतः विणकर होते, आणि नाटक त्याने आपल्या वडिलांना अर्पण केले ते त्यांनी सांगितलेल्या या आजोबांच्या आठवणींमुळे. एवढ्यावर तो थांबला नाही. सायलेशियातील तागाच्या कापड-उद्योगाचा इतिहास त्याने अभ्यासला, 1891 मध्ये त्या डोंगराळ मुलखात जाऊन घरे पाहिली, आणि नाटक प्रथम सायलेशियन बोलीत लिहिले. नंतर त्याने प्रमाण जर्मनला जवळ असलेली दुसरी संहिता तयार केली. कारखानदाराचे खरे नाव झ्वान्झिगर होते, म्हणजे जर्मनमध्ये 'वीस'शी नाते सांगणारे. नाटकात ते ड्रायसिगर झाले, म्हणजे 'तीस'. दस्तऐवजाशी इतके इमान राखणाऱ्या लेखकाने केलेली ही बारीकशी थट्टा मला नेहमी आवडत आली आहे.

नाटकाला नायक नाही, हे सर्वांनीच नोंदवले आहे. पाच अंक, पाच स्थळे, आणि प्रत्येक अंकात बरीचशी नवी माणसे. पहिल्या अंकात ड्रायसिगरच्या पेढीवर विणकर आपापली ठाणे घेऊन रांगेत उभे आहेत. कारकून ठाण पारखतो, खोट काढतो, पैसे कापतो. एक मुलगा भुकेने कोसळतो. बेकर नावाचा एक धट्टाकट्टा तरुण उलटून बोलतो आणि बाहेर काढला जातो. दुसऱ्या अंकात अन्झोर्गेच्या पडक्या घरात बाउमर्ट कुटुंब राहते. म्हाताऱ्या बाउमर्टने घरचे कुत्रे मारून शिजवले आहे. कित्येक दिवसांनी पोटात मांस जाते आणि ते पोटात टिकत नाही. निसर्गवादी रंगभूमीतील शरीरशास्त्र या एका प्रसंगात जितक्या अचूकपणे उतरले आहे तितके झोलाच्या स्वतःच्या नाटकांतही नाही. येथे शरीर हे प्रतीक नाही. पोषण न मिळालेल्या जठराचे ते वर्तन आहे.

याच अंकात सैन्यातून परतलेला येगर येतो. त्याच्याजवळ दारू आहे आणि विणकरांमध्ये गुपचूप फिरणारे एक गाणे आहे. तो ते वाचून दाखवतो. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर, हातांवर, श्वासांवर होणारा परिणाम रंगसूचनांत टिपलेला आहे. अंक संपताना काहीतरी पेटले आहे, पण कोणी काही ठरवलेले नाही. तिसरा अंक गुत्त्यात घडतो. माणसे जमतात, पितात, चिडतात. पोलीस शिपाई येऊन गाण्यावर बंदी असल्याचे बजावतो, आणि नेमक्या त्या बंदीमुळेच ते मोठ्याने म्हटले जाते. गात गात जमाव बाहेर पडतो. चौथ्या अंकात ड्रायसिगरचा दिवाणखाना आहे. मालक सहकुटुंब निसटतो. विणकर आत शिरतात ते आधी बिचकत, गालिचे आणि आरसे पाहत. मग तोडफोड सुरू होते.

या चार अंकांची कार्यकारणसाखळी तपासली तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. भूक, दारू, गाणे, बंदी, जमाव अशा क्रमाने उठाव पुढे सरकतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून अपरिहार्यपणे निघते. या साखळीत नाही ती मसलत. चार माणसे एका जागी बसली, कधी जायचे, काय मागायचे, नाही दिले तर काय करायचे, याचा त्यांनी विचार केला, असा प्रसंग चार अंकांत कोठेही नाही. गुत्त्यातला अंक तसा आहे असे कोणी म्हणेल. तेथे बोलणे पुष्कळ आहे हे खरे. पण ते तापमान वाढवणारे बोलणे आहे, दिशा ठरवणारे नाही. जमाव ड्रायसिगरकडे वळतो तो निर्णय म्हणून नव्हे, उतारावरचे पाणी वळावे तसा.

येथे वास्तववादी आणि निसर्गवादी यांतला भेद मला हाताशी येतो. वास्तववादी कलाकृतीत परिस्थितीचे दडपण कमी असते असे मुळीच नाही. पण त्या दडपणाखाली पात्र पर्यायांचा विचार करते, चुकते, माघार घेते, आणि हा विचार स्वतःच कथानकातले एक कारण बनतो. निसर्गवादी कलाकृतीत विचार हे कारण नसून लक्षण असते. ज्वराने रुग्ण बरळतो, तसे परिस्थितीने पात्र बोलते. लुकाचने 1936 मधील 'निवेदन की वर्णन' या निबंधात झोला आणि टॉलस्टॉय यांच्या घोड्यांच्या शर्यती समोरासमोर ठेवून हाच भेद वेगळ्या वाटेने दाखवला होता. झोलाची शर्यत बाहेरून पाहिलेली, टॉलस्टॉयची शर्यत पात्राच्या आयुष्याला छेद देणारी. मात्र लुकाच निसर्गवादाला कनिष्ठ ठरवण्याची जी घाई करतो ती मला मान्य नाही. 'विणकर'चे चार अंक मसलतीशिवाय उभे आहेत यातच त्यांची भयानकता आहे. ज्यांच्याकडे विचार करायला लागणारी फुरसत, भाकरी आणि बसायची जागा नाही, त्यांच्या तोंडी नेटके विचार घालणे हा या नाटकाशी द्रोह झाला असता.

आणि तरीही हाउप्टमानला मसलत टाळता आली नाही. ती पाचव्या अंकात, उशिरा आणि अनपेक्षित ठिकाणी येते. लांगेनबिलाउमध्ये म्हाताऱ्या हिल्झेच्या घरात उठावाची बातमी पोहोचते. हिल्झे भाविक आहे, त्याची बायको आंधळी आणि जवळजवळ बहिरी. सून लुइझे आपली मेलेली मुले विसरलेली नाही. बाहेर जायचे की मागावर बसायचे यावर या घरात खराखुरा वाद होतो. लुइझे जाते. मुलगा गॉटलीब दोघांच्या मध्ये फाटत राहतो. हिल्झे नकार देतो, कारणे देतो, आणि आपल्या मागाशी जाऊन बसतो. साऱ्या नाटकात विचारपूर्वक घेतलेला हा सर्वांत ठाम निर्णय. खिडकीतून आलेली एक चुकार गोळी नेमकी त्यालाच लागते.

हा शेवट टीकाकारांना पहिल्यापासून खुपला आहे. क्रांतीचे नाटक क्रांतिविरोधी होऊन संपते असे फोंटानेलाही वाटले होते, आणि त्याला ते चुकीचे वाटले नाही. धार्मिक अर्थ लावणाऱ्यांनी हिल्झेला हुतात्मा केले, राजकीय अर्थ लावणाऱ्यांनी त्याला तटस्थतेची शिक्षा मिळाली असे म्हटले. मला या दोन्ही अर्थांपेक्षा गोळीचे चुकार असणे महत्त्वाचे वाटते. चार अंकांत प्रत्येक घटनेला कारण होते. पाचव्या अंकात माणूस स्वतःच्या बुद्धीने काही ठरवतो, आणि लगेच नाटककाराला योगायोग वापरावा लागतो. निसर्गवादाच्या यंत्रणेत स्वतंत्र निर्णयाला जागाच नसल्यामुळे असा निर्णय आला की त्याचे काय करायचे हे तिला समजत नाही. ही हाउप्टमानची चूक नव्हे. आपल्या पद्धतीची हद्द त्याने प्रामाणिकपणे दाखवली आहे.

बर्लिनच्या पोलिसांनी नाटकावर बंदी घातली होती. त्यामुळे 26 फेब्रुवारी 1893 रोजी 'फ्राय ब्यूने' या नाट्यसंस्थेने सभासदांपुरता प्रयोग केला. त्याच वर्षी वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने बंदी उठवली ती नाटक निरुपद्रवी आहे म्हणून नव्हे. तिकिटे इतकी महाग आहेत की कामगारवर्ग तेथे येणारच नाही, असा न्यायालयाचा तर्क होता. सप्टेंबर 1894 मध्ये डॉइचेस थिएटरमध्ये जाहीर प्रयोग झाला आणि कैसरने तेथली आपली राखीव आसने सोडून दिली. जमाव उतारावरच्या पाण्यासारखा असतो, हे नाटकातले गृहीतक न्यायालयालाही मान्य होते, एवढे यावरून दिसते.

फेब्रुवारी 1893 च्या त्या प्रयोगाला केटे कोल्विट्झ उपस्थित होत्या. त्या वेळी त्या झोलाच्या 'जर्मिनाल'वर चित्रे करत होत्या. ते काम बाजूला ठेवून त्यांनी विणकरांचा विषय हाती घेतला. सहा चित्रे झाली : 'दैन्य', 'मृत्यू', 'मसलत', 'विणकरांची वाटचाल', 'हल्ला' आणि 'शेवट'. पहिली तीन शिलामुद्रणे, म्हणजे लिथोग्राफ, पुढची तीन एचिंग. या चित्रांना नाटकाची सजावटचित्रे म्हणण्याची चूक अजूनही होते. नाटकातला एखादा प्रसंग ओळखून दाखवा असे म्हटले तर पंचाईत होते, कारण चित्रे त्या क्रमाने जातच नाहीत. पहिल्या चित्रात अंथरुणावर मूल, त्याच्यावर डोके धरून वाकलेली आई, आणि मागे खोली व्यापून बसलेला माग. दुसऱ्यात मृत्यू घरात शिरला आहे.

आणि तिसरे चित्र 'मसलत'. अंधाऱ्या खोलीत एका टेबलाभोवती काही पुरुष. उजेड मोजकाच. चेहऱ्यांपेक्षा पाठी, खांदे आणि टेबलावर टेकलेल्या हातांचा भार अधिक जाणवतो. येथे कोणी गात नाही, कोणी प्यालेले दिसत नाही. माणसे बसून विचार करत आहेत. हाउप्टमानने न लिहिलेला प्रसंग कोल्विट्झ यांनी कोरला आहे, आणि तो मालिकेच्या बरोबर मध्याआधी ठेवला आहे. परिणामी मृत्यू आणि वाटचाल यांच्यामध्ये आता एक मानवी दुवा आहे. पुढच्या चित्रात चालणारा घोळका म्हणूनच वेगळा दिसतो. त्यात पाठीवर झोपलेले मूल घेऊन चालणारी एक बाई आहे. तिचे चालणे ओघाने वाहत जाणे वाटत नाही, कारण आपण आधीचे चित्र पाहिलेले असते.

या ठिकाणी मला माझ्याच युक्तिवादाला एक अडचण दिसते, ती लपवणे बरे नव्हे. मसलतीच्या चित्रात बाई नाही. हाउप्टमानच्या पाचव्या अंकात जायचे ठरवणारी लुइझे मात्र बाई आहे. कर्तेपण बहाल करताना चित्राने ते आधी पुरुषांच्या टेबलावर ठेवले, असे म्हणावे लागते. बाईला ते पुढच्या चित्रांत, चालताना आणि दगड उपटताना मिळते. विचार पुरुषांकडे आणि कृती सर्वांकडे, ही वाटणी कोल्विट्झ यांना जाणवली होती का, हे चित्रावरून सांगता येत नाही. पुढे 'शेतकरी युद्ध' या मालिकेत त्यांनी जमावाला चेतवणारी व्यक्ती बाईच केली, एवढे नोंदवता येते.

मालिकेला एक सातवे, रूपकात्मक चित्र जोडण्याचा त्यांचा विचार होता. जखमी देह आणि त्यावर वाकलेली आकृती, असे साऱ्या जनतेचे दुःख सांगणारे ते चित्र. ते 1896 मध्ये तयारही झाले, पण शेवटी त्यांनी ते मालिकेत घेतले नाही. हा त्याग मोलाचा आहे. मसलतीने जे मिळवले ते रूपकाने घालवले असते. 1898 मध्ये बर्लिनच्या मोठ्या कलाप्रदर्शनात मालिका मांडली गेली. परीक्षकांत आडोल्फ मेन्झेल होते, त्यांनी पदकासाठी शिफारस केली, आणि कैसरने ती फेटाळली. नाटकाची आसने सोडणारा आणि पदक नाकारणारा तोच. राज्यकर्त्याची समीक्षा कधी कधी सातत्यपूर्ण असते.

हे सारे मराठीच्या वर्गात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्याकडे जयवंत दळवींच्या 'चक्र'ला (1963) आणि त्याच वर्षी आलेल्या बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाला एकाच 'निसर्गवादी' कप्प्यात टाकण्याची प्रवृत्ती दिसते. तपशिलाचा निकष लावला तर ते योग्यही वाटते. वस्ती, दारिद्र्य, हिंसा दोन्हीकडे आहेत. मसलतीचा निकष लावला की कप्पा फुटतो. 'चक्र'चे शीर्षकच आवर्तनाचे आहे. तेथे माणसे जगण्याच्या रेट्यात फिरतात, आणि दळवींची करुणा त्या फिरण्याकडे पाहते. बागुलांच्या शीर्षककथेत मात्र कथानकाचा गाभाच एक निर्णय आहे. राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवायची, आणि ती लपवल्यावर स्वतःशी रोज हुज्जत घालायची. मारहाण शेवटी होते, पण तिच्याआधी एका माणसाने विचार केलेला असतो. अशा लेखनाला निसर्गवादी म्हणणे म्हणजे लेखकाने पात्राला दिलेले कर्तेपण समीक्षकाने काढून घेणे. दलित साहित्याविषयीच्या आरंभीच्या चर्चेत हे किती वेळा घडले याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (1997) हे नाटक या दृष्टीने अधिक अवघड आहे. 1982 च्या गिरणी संपाच्या सावटातले धुरी कुटुंब, चाळीतली एकच खोली. नेपथ्याची मागणी आंत्वानला पसंत पडली असती. संप करायचा की नाही, चालू ठेवायचा की मागे घ्यायचा, या मसलती त्या खोलीबाहेर, युनियनच्या सभांत आणि मंत्रालयात होऊन गेलेल्या आहेत. खोलीत येतात ते केवळ परिणाम. मुले एकमेकांशी भांडतात, एक साहित्याकडे वळतो, एक गुंडगिरीच्या वाटेला लागतो. त्यांच्या बोलण्यात विचार पुष्कळ आहे, पण ज्यावर विचार करायचा ती गोष्ट त्यांच्या हाती उरलेली नाही. 'विणकर'मध्ये मसलत घडलीच नाही. 'अधांतर'मध्ये ती घडली, पण दुसऱ्यांच्या टेबलावर. याला निसर्गवाद म्हणावे का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. गेल्या वर्षी वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा एका विद्यार्थिनीने उलट विचारले, 'सर, आईने कोणाशी मसलत करायची होती?' तास संपायला आला होता. त्या प्रश्नावरच वर्ग सुटला.